शब्दांचं माहेर विचारणारी बाई

रामटेके मॅडमबद्दल मी लिहावं असा रेवाचा हट्ट आहे. रेवा माझी मुलगी, पुण्याला असते. दर फोनवर विचारते, "आई, लिहिलं का? तूच तर होतीस त्यांच्यासोबत, और कौन लिखेगा?" मी म्हणते, बघू. खरं कारण तिला सांगत नाही. आपल्या मुलीनं कधीतरी आपल्याबद्दल चार ओळी लिहाव्यात अशी माझी इच्छा, आणि ती मलाच दुसऱ्या बाईबद्दल लिहायला बसवते! पण या बाईच्या बाबतीत असं नेहमीच होत आलं.

आमची शाळा भिलाईच्या रिसाली भागातली, खाजगी, इंग्रजी माध्यमाची. मी तिथं वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचे. माझं माहेर दुर्गचं. वडील संस्कृतचे शिक्षक, आणि घरातली मराठी इतकी सोवळी की शेजारची हिंदी बोलणारी मुलं आमची नक्कल करत. पुढे मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. शाळेत इंग्रजी म्हणजे घाटे मॅडम, असं समीकरणच होतं. प्रिन्सिपलसाहेबांचं भाषण माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय स्टेजवर जात नसे. कुणाचा एखादा शब्द अडला की स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे वळत. मला ते आवडे. का नाही आवडणार?

मग कुंदा रामटेके आली. तोंडावर मी तिला कधी कुंदा म्हटलं नाही, ती मला आणि मी तिला मॅडमच म्हणत राहिलो. मनात मात्र ती पहिल्या दिवसापासून कुंदाच.

उंच, रुंद खांद्यांची, कॉटनची साडी घोट्यापासून वर नेसलेली. हातात पर्स नाही, बाजारची पिशवी. खुर्ची रिकामी होती म्हणून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "नमस्कार. मी रामटेके. कॅम्प-वनची." तेवढ्यात शिपाईणबाईंनी हजेरीचं मस्टर आणून समोर ठेवलं. कुंदानं सही केली आणि पेन तसंच हातात ठेवून मला विचारलं, "घाटे मॅडम, या मस्टरचं माहेर कोणतं हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा शब्द आला कुठून? कोणाच्या घरचा?"

मला माहीत नव्हतं. पाहावं लागेल, असं मी म्हटलं.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "लॅटिनच्या घरचा आहे. अर्थ, दाखवणं. मस्टर म्हणजे तोंड दाखवणं. आन् मॉन्स्टर बी त्याच घरचा, चुलतभाऊ. म्हणून तर मस्टरवर सही करतानी मले भेव लागते!" विनोद पुरा व्हायच्या आधीच ती हसायला लागली होती. हसता हसता तिनं टेबलावर थाप मारली आणि माझा चहा सांडला.

बाकीच्यांनी विचारलं, क्या हुआ? तिनं तोच विनोद हिंदीत सांगितला. सगळे हसले. मग शिपाईणबाईंसाठी छत्तीसगढीत सांगितला. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. एकच विनोद तीन भाषांत तीनदा पिकला. मी रुमालानं चहा पुसत होते.

तिचं इंग्रजी माझ्यासारखं नव्हतं. उच्चारात तिची कामगार वस्ती, कॅम्प-वन, जागोजाग ऐकू यायची. तिचे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला आलेले. "माह्या बाबाच्या ड्यूटीतून शब्द यायचे घरी, धुळीसंगं," असं ती सांगे. शटडाऊन, ब्रेकडाऊन, ओव्हरहॉल. तिचे बाबा हात-पाय धूत असताना ही मोरीपाशी उभी राहून विचारायची, याचा अर्थ काय, आणि असा अर्थ कावून, म्हणजे का? अर्थ त्यांना सांगता यायचा. कावून ते सांगता यायचं नाही. ते ती मोठी झाल्यावर स्वतः शोधत बसली. रस्त्यात, दुकानात, बसमध्ये एखादा नवा शब्द कानावर पडला की लगेच तळहातावर पेननं लिहून घ्यायची. संध्याकाळपर्यंत डावा हात निळा झालेला असे. त्याच हातानं ती पोरांच्या डोक्यावर टपली मारी, आणि पोरं ती टपली मिळावी म्हणून चुका करत.

माझ्या तासाला मुलं शांत बसत. मला ती शिस्त वाटायची. तिच्या तासाला पलीकडच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू येई, "मॅडम, इसका मायका! इसका मायका बताइए!" आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या माना त्या भिंतीकडे वळत. भिंतीकडे! तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

रेवा अकरावीत गेली तेव्हा आईनं मुलीला शिकवू नये म्हणून प्रिन्सिपलसाहेबांनी तिला कुंदाच्या वर्गात घातलं. त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर कुंदा रोज हजर. रामटेके मॅडम असं म्हणाल्या, रामटेके मॅडमनी तसं सांगितलं. मी एकदा म्हटलं, "हे मलाही माहीत आहे." रेवा म्हणाली, "हो, पण तू कधी सांगितलं नाहीस ना." मी तिच्या पानात आणखी वरण वाढलं.

त्याच वर्षी रेवा भौतिकशास्त्रात नापास झाली. मला पत्ताही नव्हता. एक दिवस शाळा सुटताना कुंदानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, पोरीले बोलू नका. लय रडली. माह्या घरी येऊन गेली परवा. बेसन-भाकर खाऊ घातली, तोंड धुवाले लावलं, मग पाठवलं. आज सांगणार आहे पोरगी तुमाले."

मी म्हटलं, "बरं झालं तुम्ही सांगितलं." माझ्या मुलीचं रडू माझ्याकडे शिळं होऊन आलं होतं. ती भाकरी मला डोळ्यांसमोर दिसत होती. आमच्या घरी रेवा भाकरीला हात लावत नसे.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. सुधाकरराव. एका खाजगी कारखान्यात क्रेनच्या देखभालीवर सुपरवायझर होते. बारीक, कमी बोलणारे. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्यांची ड्यूटी सकाळची असली की शाळा सुटायच्या वेळेला गेटपाशी मोटरसायकल घेऊन उभे असत. एप्रिल-मेमध्ये भिलाईत गाडीची सीट इतकी तापते की साडीवरूनही चटका बसतो. कुंदा येताना दिसली की सुधाकरराव पाण्याची बाटली काढून सीटवर पाणी ओतत, रुमालानं ती पुसून काढत, मग तळवा टेकवून बघत. मग ती बसे. रोज. मी माझ्या जुन्या मारुतीचा दरवाजा पदरानं धरून उघडताना हे पाहत असे. आमचे हे वाईट नाहीत. पण माझ्या बसण्याची जागा तापली आहे की नाही, हा विचार त्यांच्या मनात कधी आला नसेल. कुंदानं माझ्या वर्गातली मुलं घेतली, मुलगी घेतली, ते एक वेळ ठीक. त्या ओल्या सीटचा हेवा मला सगळ्यात जास्त वाटला.

रेवा कॉलेजात गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुधाकररावांच्या कारखान्यात अपघात झाला. क्रेनची लोखंडी दोरी तुटली आणि तुलसीराम नावाच्या ठेक्यावरच्या कामगाराचा पाय गेला. दोरी ठीक आहे असं सुधाकररावांनीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे घरून निघाले, ते कामावर पोचलेच नाहीत. मोटरसायकल दुर्ग स्टेशनच्या स्टँडवर सापडली. हिंदी पेपरात आलं, सुपरवाइजर फरार. कारखान्याच्या गेटवर त्यांच्या नावाचा इंग्रजी कागद लागला, त्यात शब्द होता, अ‍ॅबस्कॉण्डिंग.

शाळेत कुजबुज सुरू झाली. प्रिन्सिपलसाहेबांनी तिला सुचवलं की काही दिवस रजा घ्या. ती म्हणाली, "कावून? मी तर हाजिर आहे." मला वाटलं होतं, आता स्टाफरूम तिच्यापासून जरा लांब होईल. उलट झालं. कुणी तिच्यासाठी डबा आणू लागलं, कुणी तिचे पेपर तपासून देऊ लागलं. शिपाईणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत. मी माझ्या खुर्चीत बसून बघत होते. नवरा बेपत्ता झालेल्या बाईचाही हेवा वाटू शकतो, हे मला तेव्हा कळलं. स्वतःची शरम वाटली, पण हेवा काही कमी झाला नाही.

एका मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "घाटे मॅडम, तुमचे बाबा संस्कृतचे ना? लॅटिनमध्ये ते 'देरे' आहे, ठेवणं या अर्थानं. आपल्याकडे त्याचं कोणी आहे का नात्यातलं?"

हे मला येत होतं. मी म्हटलं, "धा. धा म्हणजे ठेवणे. निधान, म्हणजे ठेवा. आणि अंतर्धान. आत ठेवणे, नजरेआड होणे."

"अंतर्धान!" तिनं ते तळहातावर लिहून घेतलं. त्या दिवसांत तिच्या हातावर पहिल्यांदाच शाई दिसली.

दुसऱ्या दिवशी माझा तास रिकामा होता. मी तिच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी राहिले. खिडकी उघडी होती. वर्गात ती हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायची, मी इथं मराठीत देते. तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत तोच शब्द लिहिला, अ‍ॅबस्कॉण्ड.

"हा शब्द माझ्या घरच्या माणसाच्या नावाला लावलाय," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी वाचलाय, मला माहीत आहे. मग आपण बाकीच्या शब्दांना विचारतो ते यालाही विचारू. याचं माहेर लॅटिन. 'अब्स' म्हणजे दूर. 'कॉन' म्हणजे एकत्र. 'देरे' म्हणजे ठेवणं. दूर नेऊन नीट ठेवून देणं, लपवणं. जुन्या इंग्रजीत लोक वस्तूसुद्धा अ‍ॅबस्कॉण्ड करत. मग माणूस स्वतःलाच लपवू लागला आणि हा शब्द त्याच्यामागे लागला. आपल्याकडे याची चुलतबहीण आहे, अंतर्धान. दोघींचं मूळ घर एकच. हे मला घाटे मॅडमनी सांगितलं. मला नव्हतं माहीत."

मुलांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांना मी दिसत होते. माझं नाव घेतलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण मुलं पाहत होती तिचा मोठेपणा. माझी विद्या ती मला भर वर्गात परत करत होती, आणि त्यानंही तीच मोठी होत होती. याला काय म्हणावं!

"आता पेपरात काय लिहिलंय? फरार. फरारचं माहेर अरबी. त्याचा अर्थ पळणं. म्हणजे हे दोन शब्द वेगळे आहेत. एक पळालेला, एक लपलेला. पेपरवाल्यांना आणि कारखानेवाल्यांना दोन्ही सारखेच."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, फिर सर कौन से वाले हैं?"

कुंदानं डस्टर उचललं. मग म्हणाली, "तेच पाहायचंय मला." आणि फळा पुसला.

स्टाफरूममध्ये ती मला म्हणाली, "पोलीस भंडाऱ्याले पाहून आले, नागपूरले पाहून राहिले. मले आता पटून राहिलं, तो पळणारा नाही. त्याले नागपूरच्या पुढे कधी झोप नाही लागली. गाडी स्टेशनवर ठेवली म्हणजे तो गाडीत बसला, असं त्याइले वाटते. तो लपला आहे, मॅडम. लपलेला माणूस दूर नाही जात. त्याले आपलं घर कुठं आहे ते ध्यानात ठेवा लागते."

आणि ती भिलाईत शोधू लागली. शाळा सुटली की रेवा स्कूटी घेऊन गेटपाशी हजर. मला रेवानं एवढंच सांगितलं, "मी मॅडमसोबत जाते आहे. अकेले थोड़ी जाने दूँगी." कॅम्प-वनमधल्या ओळखीच्या गल्ल्या झाल्या. रिसालीत नव्या बिल्डिंगा उठत होत्या, तिथं सिमेंटच्या पोत्यांमागे चौकीदार राहतात, त्या झाल्या. जुन्या मित्रांची घरं, चहाची दुकानं, विहारं, धर्मशाळा. रेवा उन्हानं काळवंडली. घरी आल्यावर ती काही सांगत नसे. जेवायची आणि पडायची. मी भाजी गरम करून करून आटवत असे.

एका संध्याकाळी मी यांना विचारलं, "मी अशी नाहीशी झाले, तर तुम्ही शोधायला निघाल का हो?"

टीव्हीवर बातम्या चालू होत्या. "कुठं जाणार आहेस तू?" ते म्हणाले.

मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. ते बरोबरच म्हणाले होते. मी कुठंच जाणार नव्हते. पण कॅम्प-वनच्या गल्लीतून एक बाई नवऱ्याचा फोटो दाखवत फिरत होती आणि माझी मुलगी तिच्यासाठी गाडी चालवत होती, आणि त्या दोघींच्या मध्ये मला कुठं जागा नव्हती.

मग एक दिवस स्टाफरूममध्ये नुकत्याच लागलेल्या गणिताच्या बाई सहज सांगत बसल्या. रिसालीला लागूनच असलेल्या मरोद्याच्या एका नर्सरीत मोगऱ्याचं रोप घ्यायला गेल्या होत्या. तिथं पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक दाढीवाला होता, एक अक्षर बोलला नाही. "पण मी निघाले तर त्यानं काय करावं? माझ्या स्कूटरच्या सीटवर पाणी मारलं आणि पुसून दिलं. इतना अच्छा लगा ना!"

मी कुंदाकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. पिशवी खाली पडली होती, ती तिनं उचलली नाही.

"घाटे मॅडम," ती म्हणाली, "गाडी आणली ना आज?"

मारुती उन्हात तापली होती. ती माझ्याशेजारी बसली आणि मरोदा येईपर्यंत पुढे वाकून रस्ता बघत राहिली. आणि मला, काय सांगू, आनंद झाला होता. अशा वेळी आनंद होणं बरोबर नव्हतं. पण रेवा कॉलेजात होती, स्कूटी कॉलेजात होती, आणि त्या घटकेला ती माझ्याकडे वळली होती.

नर्सरी रस्त्याच्या आत होती. काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं मांडलेली, वर हिरवं जाळीचं कापड. त्या जाळीखाली सुधाकरराव उकिडवे बसले होते. समोर पंपाची मोटर उघडी पडलेली. दाढी वाढली होती, शर्ट दुसऱ्याच कुणाचा होता. आमची चाहूल लागली तसं त्यांनी वर पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. उठले नाहीत.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल. ती त्यांच्यासमोर मातीत बसली.

"जेवले का?"

"हो."

"काय?"

"खिचडी."

"मीठ होतं?"

सुधाकररावांनी नाही म्हणून मान हलवली आणि ग्रीसनं माखलेल्या हातांत तोंड धरून रडायला लागले. मी रोपांकडे पाहत उभी राहिले.

"मले भेव लागलं, कुंदा," शेवटी ते म्हणाले. "म्या म्हटलं होतं मॅनेजरले, दोरी बदला. तो म्हणे, हा महिना चालवा. म्या चालवली. ठीक आहे म्हणून मीच सांगितलं. त्याचा पाय गेला."

"मले माहीत आहे. मी जाऊन राहिली ना त्याच्याकडे."

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. हे रेवानं मला सांगितलं नव्हतं. स्कूटीवरून दोघी रोज आधी तिथंच जात होत्या, आणि मग शोधायला निघत होत्या.

"तो तुमची वाट पाहून राहिला," कुंदा म्हणाली. "शिव्या द्याले. चला. आधी त्याच्याकडे, मग ठाण्यात."

"मले जमत नाही."

"नाही जमत तर नाही. चाला नुसते. मी आहे, घाटे मॅडमची गाडी आहे."

तुलसीरामचं घर म्हणजे कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची एक खोली आणि पुढं ओटा. तो खाटेवर होता, पायावर चादर. चादर एका बाजूला सपाट होती, तिकडे बघवत नव्हतं. त्याची बायको ओट्यावर सुपात लालभाजी घेऊन बसली होती. सुधाकररावांना पाहताच तिनं सूप खाली ठेवलं.

"अब काबर आए हव?" ती म्हणाली. आता कशाला आलात?

सुधाकरराव खाटेपाशी गेले, हात जोडले. "गलती मेरी थी. रस्सी मैंने पास की थी," एवढंच त्यांना बोलता आलं.

तुलसीराम कोपरावर टेकून अर्धा उठला. शिवी आली नाही. त्यानं विचारलं, "अतेक दिन ले कहाँ रहेव?" इतके दिवस कुठं होतात?

"यहीं. मरोदा में."

"तीर म रहेव," तुलसीराम म्हणाला, "तभो ले नइ आएव." जवळ होतात, तरी आला नाहीत.

त्यानंतर तो भिंतीकडे वळून पडला. सुधाकरराव हात जोडून तसेच उभे. मी दारात गाडीची किल्ली बोटांत फिरवत होते. कुणी काही बोलावं असं मला वाटत होतं. बोलण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, ती कुंदा ओट्यावर तुलसीरामच्या बायकोजवळ जाऊन बसली, सूप जरा आपल्याकडे ओढलं आणि भाजी निवडू लागली. ती बाई आधी तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिनंही एक जुडी उचलली. दोघी देठं काढत राहिल्या. मला हे सात जन्मात जमलं नसतं. मी त्या ओट्यावर बसलेही नसते, कारण बसायचं कसं तेच मला कळलं नसतं.

दिवेलागणीच्या आधी आम्ही ठाण्यात पोचलो. सुधाकररावांनी सगळं सांगितलं, मॅनेजरचं आणि स्वतःचंही.

घरी आले तर रेवा दारातच उभी. तिला कुणीतरी फोनवर कळवलं होतं. "तू गेलीस? मुझे छोड़ के? इतके दिवस मी फिरले आणि तू गेलीस?" तिचे डोळे भरून आले होते.

"त्यांनी मला बोलावलं," मी म्हटलं. हे वाक्य तोंडात इतकं गोड लागलं की मी ते दुसऱ्यांदा म्हटलं. रेवा रागानं आत निघून गेली. माझीच मुलगी ती, जळणं कुठून येणार दुसरीकडून! मी मागोमाग जाऊन तिला सगळं सांगितलं, अगदी खिचडीतल्या मिठापर्यंत. किती तरी महिन्यांनी आम्ही दोघी एका पलंगावर बसून इतका वेळ बोललो. बोललो ते मात्र कुंदाबद्दलच.

पुढं कोर्टात खूप तारखा पडल्या. ठपका मॅनेजरवर आला, सुधाकररावांवरही आला. नोकरी गेली. त्यांनी कॅम्प-वनमध्ये पंप दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. तुलसीरामकडे ते दर रविवारी जात. तो वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, तरी जात. नंतर बोलायला लागला, असं कुंदा सांगायची. काय बोलतो, विचारलं तर म्हणे, "शिव्या देते, आणखी काय! पण चहा पाजून देते."

कुंदा आणि मी मैत्रिणी झालो असं म्हणता येणार नाही. ती तशीच राहिली आणि मीही. तिच्या वर्गातून आरडाओरडा येत राहिला आणि माझ्या मुलांच्या माना भिंतीकडे वळत राहिल्या. फक्त मधूनमधून ती येऊन विचारायची, "मॅडम, या शब्दाचं संस्कृतात कोणी आहे का?" आणि मी दोन दिवस आधीपासून वडिलांची पुस्तकं काढून तयार असे. हे तिला कधी कळू दिलं नाही.

ती निवृत्त झाली आणि दोघं नागपूरला जायला निघाली. तिथं सुधाकररावांचे भाऊ राहतात. रेवा खास पुण्याहून आली, एका दिवसासाठी. माझ्या साठाव्या वाढदिवसाला तिला रजा मिळाली नव्हती. आम्ही दोघी दुर्ग स्टेशनवर गेलो. सामान बरंच होतं, ते चढवण्यात सुधाकरराव घामाघूम झाले. कुंदानं रेवाला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. माझ्याकडे आली तेव्हा गाडीची वेळ झाली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले. "घाटे मॅडम, येत जा हो. नुसतं येईन येईन नका म्हणू."

"येईन," मी म्हटलं. ती हसली.

ती आत जाऊन खिडकीशी बसली. समोर एक अनोळखी बाई होती, मांडीवर गाठोडं, कपाळाला आठ्या. गाडी अजून हलली नव्हती, पण कुंदानं तिला काहीतरी विचारलं. बाई गोंधळून तिच्याकडे पाहू लागली. कुंदा पुढं झुकून हातवारे करत सांगत होती. काचेमुळे आम्हाला ऐकू येत नव्हतं. गाडी सुटली तशी रेवा हात हलवत खिडकीबरोबर चालू लागली. कुंदानं मान वळवून तिला हात केला, मला केला, आणि पुन्हा समोर बोलू लागली. डबा पुढं सरकताना मी पाहिलं, त्या बाईच्या आठ्या गेल्या होत्या. ती गाठोड्यावर हात आपटून हसत होती.

नागपूरपर्यंत ती बाई कुंदासमोर बसणार होती. मला तिचा हेवा वाटला.